बेंडरचा स्टँड बोल्ट आवळूनही पुन्हा पुन्हा हलतो: दोष कसा शोधावा आणि बैठक कशी निवडावी

घरच्या कार्यशाळेत पट्ट्या आणि सळ्या वाकवण्यासाठी हाताने चालणारा बेंडर बसवला, की पहिले काही दिवस सारे व्यवस्थित चालते आणि नंतर एके दिवशी जाड सळई घेतल्यावर स्टँड पायाशी किंचित फिरल्याचे जाणवते. आपण पाना घेऊन बोल्ट आवळतो. आठवडाभराने तेच पुन्हा घडते, मग जाड वॉशर घातले जातात, मग दुहेरी नट, मग स्टँडच्या तळाशी वाळूची पोती ठेवली जातात, आणि तरीही तक्रार परत येते. मी स्वतः या चक्रात बराच काळ अडकलो होतो. त्यातून बाहेर पडताना एक गोष्ट पुरती पटली, ती अशी की बैठकीचे वजन वाढवत राहण्याआधी नेमका कोणता सांधा सरकतो आहे हे शोधले पाहिजे, कारण शंभर किलोच्या स्टँडमध्येही एकच सैल सांधा असेल तर दांड्याच्या टोकाला तो स्टँड डुगडुगतच राहतो.

शोध घेण्यापूर्वी बैठकीवर किती बल येते याचा अंदाज असावा. चौरस सळई वाकवण्यास लागणारे आघूर्ण, म्हणजे फिरवणारा जोर (बल गुणिले अंतर), काढण्यासाठी बाजूच्या मापाचा घन करून त्याला चारने भागावे आणि त्या पोलादाच्या नमन-ताणाने, म्हणजे ज्या ताणाला ते कायमचे वाकू लागते त्याने, गुणावे. साध्या सौम्य पोलादाचा हा ताण दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५० न्यूटन धरला, तर १६ मिमी चौरस सळईसाठी उत्तर सुमारे २५६ न्यूटन-मीटर येते. प्रत्यक्षात वाकताना धातू कठीण होत जातो आणि रोलर व पिनमध्ये घर्षणही असते, म्हणून मी या आकड्याची दीडपट धरतो, म्हणजे सुमारे ३८० न्यूटन-मीटर. दांडा एक मीटर लांब असेल तर त्याच्या टोकाला जवळजवळ ३८ किलोंची ओढ द्यावी लागते. १२ मिमी चौरस सळईसाठी हेच आघूर्ण सुमारे १६० न्यूटन-मीटर एवढे खाली येते. मापाचा घन होत असल्यामुळे सळई थोडीशी जाड घेतली तरी बैठकीवरचा भार एकदम वाढतो. रोज बारीक सळई वाकवणाऱ्याला जो दोष महिनोन्‌महिने दिसत नाही, तो एका जाड सळईने उघडा पडतो, याचे कारण हेच आहे.

हा भार बैठकीपर्यंत तीन रूपांत पोहोचतो, आणि बहुतेक जण त्यांपैकी एकाचाच विचार करतात. दांडा आडवा फिरत असेल तर पहिले रूप म्हणजे स्टँडला उभ्या अक्षाभोवती पिळणारे ३८० न्यूटन-मीटर. दुसरे रूप स्टँड उलथवणारे: दांडा जमिनीपासून एक मीटर उंचीवर असेल तर ३८० न्यूटनांची ओढ पायाशी आणखी ३८० न्यूटन-मीटर निर्माण करते. तिसरे रूप सरळ बाजूला सरकवणारे, म्हणजे तेच ३८० न्यूटन. वाळूची पोती उलथण्याला विरोध करतात, सरकण्यालाही थोडाफार करतात, परंतु पिळाला त्यांचा विरोध फारच तोकडा पडतो, कारण ती स्टँडच्या मध्याजवळ रचलेली असतात.

येथे एक अपवाद लगेच सांगून टाकतो. बॉटल जॅकवर चालणाऱ्या हायड्रॉलिक बेंडरमध्ये जॅक ज्या चौकटीला रेटतो तीच चौकट सळईलाही धरून ठेवते, त्यामुळे वाकवण्याचे सगळे बल चौकटीतच फिरून संपते. त्या यंत्राला टेकायला सपाट जागा आणि पडू नये एवढा आधार पुरतो, त्याच्यासाठी कोबा फोडण्याची गरज नाही.

आता दोष शोधण्याची पद्धत. प्रथम बेंडरची मुख्य पिन तपासावी. दांडा सैल धरून वर-खाली आणि आडवा हलवला असता पिनपाशी खेळ जाणवत असेल, तर स्टँड निर्दोष असूनही हाताला तो हलल्यासारखाच वाटतो. त्याचप्रमाणे, वाकवलेली पट्टी सोडल्यावर दोन-तीन अंश मागे येते हा धातूचा लवचिकपणा आहे. त्याचे खापर बैठकीवर फोडून मी एकदा अख्खा स्टँड पुन्हा वेल्ड केला होता, आणि अर्थातच काही फरक पडला नाही. कोनात येणारी चूक दरवेळी जवळपास तेवढीच असेल तर ती बहुधा धातूची असते, आणि दरवेळी वेगळी असेल तर सांध्याची.

यानंतर प्रत्येक सांध्यावर, म्हणजे बेंडर आणि वरची प्लेट, वरची प्लेट आणि खांब, खांब आणि तळाची प्लेट, तळाची प्लेट आणि जमीन, यांच्या आरपार टोकदार पेन्सिलीने किंवा बारीक मार्करने एकेक उभी रेघ ओढावी. जाड सळई लावून दांडा अर्ध्यापर्यंत न्यावा, सोडावा, आणि रेघा पाहाव्यात. जेथे रेघ तुटून दोन तुकडे एकमेकांपासून बाजूला गेले असतील, तेथे सांधा कायमचा सरकला. काही सांधे मात्र ओढताना सरकतात आणि सोडल्यावर मूळ जागी येतात, ते रेघेवर दिसत नाहीत. त्यांच्यासाठी दुसऱ्या माणसाची मदत लागते: एकाने दांडा ओढावा आणि दुसऱ्याने बोटाचे पेर सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी टेकेल असे ठेवावे. अर्धा मिलिमीटर हालचालही बोटाला सहज कळते. तळाची प्लेट उचलली जाते का हे पाहायचे असेल तर तिच्या कडेने पातळ तेलाची धार सोडावी. ओढताना तेल आत शोषले जाऊन सोडल्यावर बुडबुड्यांसह बाहेर येत असेल, तर ती कड उचलली जात आहे यात शंका नाही. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे तबकडीचे मापक) असेल तर उत्तमच, पण ते नाही म्हणून अडत नाही.

माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळा दोषी ठरतो तो वरचा सांधा, म्हणजे बेंडर ज्या प्लेटवर बोल्टने बसतो तो, आणि गंमत अशी की हाच सांधा सर्वांत सोपेपणाने पक्का करता येतो. समजा, चार बोल्ट १०० मिमी चौरसात आहेत. मध्यापासून त्यांचे अंतर सुमारे ७० मिमी, म्हणून ३८० न्यूटन-मीटरच्या पिळाने प्रत्येक बोल्टापाशी सुमारे १४० किलोंचे सरकवणारे बल येते. आता ८.८ दर्जाचा (डोक्यावर ८.८ छापलेला, जास्त ताकदीचा) १२ मिमी बोल्ट कोरड्या आट्यांवर ८० न्यूटन-मीटरपर्यंत आवळला, तर तो दोन प्लेटा तीन टनांहून अधिक बलाने दाबून धरतो, आणि पोलादावर पोलादाचे घर्षण अगदी कमी धरले तरी प्रत्येक बोल्टामागे सुमारे ५०० किलोंपर्यंत प्लेट सरकत नाही. म्हणजे हिशेबाने हा सांधा सरकायलाच नको. तो सरकतो, कारण दोन प्लेटांच्या मध्ये आपणच काहीतरी मऊ ठेवलेले असते. रंगाचे दोन-तीन जाड थर असतात, कंपन कमी व्हावे म्हणून घातलेले रबर असते, किंवा प्लेटऐवजी लाकडी फळीच असते. मऊ थर दाबाखाली हळूहळू चेपतो, बोल्टातला ताण निघून जातो, आणि मग प्लेट भोकातल्या खेळाएवढी मागे-पुढे सरकू लागते.

गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून हे दाखवून दिले की बोल्ट त्याच्या लांबीच्या दिशेने येणाऱ्या धक्क्यांपेक्षा आडव्या सरकण्याने फार लवकर सैल होतो. सांधा एकदा आडवा सरकू लागला की आट्यांतले घर्षण नटाला धरून ठेवू शकत नाही आणि नट आपोआप उलटा फिरतो. बेंडरच्या दांड्याची प्रत्येक ओढ आणि परतीची हालचाल म्हणजे नेमके हेच आडवे सरकणे असते. स्प्रिंग वॉशर येथे नावापुरतेच उपयोगी पडतात. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) गळून पडणार नाही, परंतु सांधा मात्र सरकतच राहील. म्हणून उपाय असा: वरच्या प्लेटवरचा आणि बेंडरच्या तळाचा रंग बोल्टांभोवती खरवडून धातू उघडा करावा, रबर काढून टाकावे, पृष्ठभाग सपाट आहे का हे पट्टीने तपासून उंचवटे कानशीने उतरवावेत, चांगल्या दर्जाचे बोल्ट जाड सपाट वॉशरसह टॉर्क पान्याने (किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळावेत. एवढ्यानेही समाधान होत नसेल तर बोल्ट आवळलेल्या स्थितीतच दोन प्लेटांमधून आरपार दोन भोके पाडून, भोक अचूक मापाचे करणारा रीमर फिरवून, त्यांत घट्ट बसणाऱ्या डॉवेल पिना (गुळगुळीत पोलादी खुंट्या) ठोकाव्यात. मग सरकवणारे बल पिना घेतात आणि बोल्टांकडे केवळ दाबून धरण्याचे काम उरते.

भोकातल्या खेळाला कमी लेखू नये. तळाच्या ३०० मिमी चौरस प्लेटमध्ये १२ मिमीच्या बोल्टांसाठी १४ मिमीची भोके असतील, तर प्लेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २ मिमी सरकू शकते. बोल्ट मध्यापासून १७० मिमीवर असतील तर तेवढ्यानेच स्टँड सुमारे पाऊण अंश फिरतो, आणि एक मीटर लांब दांड्याचे टोक १२ मिमी जागचे हलते. कोनाची खूण कोणी भिंतीवर किंवा जमिनीवर काढली असेल तर हे १२ मिमी सरळ कामात उतरतात. खूण किंवा थांबा बेंडरच्याच अंगावर असेल तर कोन बिघडत नाही, फक्त हाताला त्रास होतो. थांबा नेहमी यंत्रावरच असावा असे मी म्हणतो ते यासाठी.

आता खांबाविषयी, कारण येथे दिसायला जाडजूड वस्तू प्रत्यक्षात फार कमकुवत निघते. १०० मिमी व्यासाचा आणि ४ मिमी जाडीचा बंद पाईप ९०० मिमी उंच घेतला, तर ३८० न्यूटन-मीटरच्या पिळाखाली तो अंशाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी पिळतो. त्याऐवजी १०० बाय १०० बाय ६ मिमीचा अँगल एकटा खांब म्हणून उभा केला तर त्याचा पिळापुढचा कडकपणा पाईपच्या सुमारे दोनशेपट कमी भरतो, आणि हिशेबाने तो दहा अंशांच्या पलीकडे पिळतो. दोन्हींत लोखंड जवळपास सारखेच असताना हा फरक केवळ छेद बंद की उघडा यामुळे पडतो. जुन्या पाईपला कोणी उभी चीर पाडलेली असेल, किंवा शिवण उघडली असेल, तर तो पाईपही पिळाच्या दृष्टीने उघडाच झाला असे समजावे. चौरस बंद नळी गोल पाईपइतकीच चांगली, किंबहुना प्लेट वेल्ड करायला अधिक सोयीची असते. हाताशी अँगलच असतील तर दोन अँगल समोरासमोर ठेवून दोन्ही शिवणी वेल्ड करून चौरस पेटी बनवावी. वेल्ड सलग असावा, तुटक टाक्यांनी पेटी पुरती बंद होत नाही.

चार पायांचा अँगलचा घोडा हा वेगळा प्रकार आहे. त्यात प्रत्येक पाय एकटा पिळत नाही, तर सगळी चौकट तिरपी होते, म्हणून चारही बाजूंना तिरके आधार असल्याशिवाय तो उपयोगाचा नाही. आडव्या पट्ट्या कितीही लावल्या तरी तिरक्या आधाराचे काम त्या करत नाहीत. असा घोडा पायांनी पसरट असल्यामुळे उलथायला अवघड असतो हे मात्र खरे.

खांब चांगला असताना तो मुळाशी हलतो तेव्हा तळाची प्लेट पाहावी. पाच-सहा मिमीच्या प्लेटवर मध्यभागी पाईप वेल्ड केला तर ओढताना प्लेट ताटासारखी वाकते आणि तेलाची धार आत-बाहेर होते. प्लेटची जाडी दुप्पट केली की वाकण्याला तिचा विरोध आठपट होतो, म्हणून ६ ऐवजी १२ मिमीची प्लेट आणि पाईपच्या चारही बाजूंनी बोल्टांच्या दिशेने जाणाऱ्या त्रिकोणी रिबा ही जोडी मला पुरेशी वाटते. रिबा प्लेटच्या बाजूंच्या मध्याकडे न लावता कोपऱ्यांतल्या बोल्टांकडे रोखाव्यात, कारण प्लेटला खाली धरणारे बोल्ट तेथे आहेत. प्लेट जितकी रुंद तितका बोल्टांवरचा ताण कमी: ३०० मिमीच्या प्लेटमध्ये मागच्या दोन बोल्टांना प्रत्येकी सुमारे ७० किलो उचलावे लागतात, तर १५० मिमीच्या प्लेटमध्ये हा भार दुपटीवर जातो.

जमिनीशी असलेला सांधा हा शेवटचा आणि कंटाळवाणा. पायाखाली सुमारे १०० मिमी तरी सलग, जुने आणि टणक काँक्रीट हवे. फरशीच्या खाली पोकळ मसाल्याचा थर असेल तर एक्स्पान्शन अँकर (आवळल्यावर भोकात फुगून पकड घेणारा बोल्ट) आवळताना फरशीच दाबली जाते, अँकर वरवर घट्ट वाटतो आणि दुसऱ्या दिवशी सैल होतो. अशा ठिकाणी फरशी कापून काढावी आणि अँकर काँक्रीटमध्ये पुरेसा खोल जाईल असा लांब घ्यावा. भोक पाडल्यावर आतली भुकटी ब्रशने आणि हवेने पुरती काढली नाही, तर केमिकल अँकर (भोकात रेझिनने चिकटवलेला बोल्ट) काँक्रीटला न चिकटता भुकटीला चिकटतो, आणि हा दोष बाहेरून दिसत नाही. नवा कोबा असेल तर २८ दिवस थांबावे. भोक पाडण्यापूर्वी खालून वीज किंवा पाण्याची नळी जात नाही याची खात्री करावी. सारख्या उलट-सुलट भारासाठी केमिकल अँकर मला एक्स्पान्शन अँकरपेक्षा अधिक विश्वासाचे वाटतात. जमीन ओबडधोबड असल्यास बोल्टांच्या जोरावर प्लेट वाकवून बसवू नये. पोलादी शिम (पातळ पट्ट्या) सरकवून ओळंब्याने खांब उभा करावा आणि मधली फट न आकसणाऱ्या ग्राउटने (फट भरण्याच्या पातळ सिमेंट-मसाल्याने) भरावी.

तीन मीटरची सळई चहूबाजूंनी फिरायला जागा लागते, म्हणून बेंडर बहुधा खोलीच्या मध्यभागी येतो आणि काम नसताना पायात येतो. यावर लोक जमिनीत चौरस नळी पुरून तिच्यात स्टँडचा खांब उतरवतात. कल्पना चांगली आहे, परंतु नळी आणि खांब यांच्यात सहज सरकण्याइतका खेळ ठेवावाच लागतो आणि तोच खेळ पुढे त्रास देतो. बाहेरच्या नळीच्या लगतच्या दोन बाजूंना नट वेल्ड करून बोल्टाने खांब समोरच्या कोपऱ्यात दाबून बसवला, तर हा दोष जातो. त्यापेक्षा मला आतल्या आट्यांचे, जमिनीशी समतल बसणारे अँकर अधिक पसंत आहेत. स्टँड काढला की भोकांत छोटे स्क्रू बसवून कचरा आत जाऊ देऊ नये, एवढे पथ्य पाळावे लागते.

जमिनीला भोक पाडायचेच नसेल तर? येथे वजन वाढवण्यापेक्षा एक वेगळी युक्ती आहे. आपण दांडा ओढतो तेव्हा आपले पाय जमिनीला उलट दिशेने तेवढ्याच जोराने रेटत असतात. स्टँड ज्या पाटावर पक्का केला आहे त्याच पाटावर आपण उभे राहिलो, तर हातांची ओढ आणि पायांचा रेटा हे दोन्ही त्या पाटातच मिळून संपतात, आणि पाटाला सरकवणारे किंवा फिरवणारे बल उरत नाही. मी १८ मिमी प्लायवूडचे दोन थर चिकटवून आणि स्क्रूंनी जोडून असा पाट केला, त्यावर तळाची प्लेट बोल्टने बसवली आणि खालून मोठी पोलादी प्लेट दिली, म्हणजे नट लाकडात रुतत नाहीत. मर्यादा अशी की दांडा फिरत जाईल तसे आपल्यालाही पाटावरच फिरावे लागते, म्हणून पाट दांड्याच्या फेऱ्याएवढा मोठा हवा, अन्यथा एक पाय खाली पडला की सगळे गणित मोडते. १६ मिमीपर्यंत हा पाट मला पुरला आहे, त्यापुढे मी तो वापरत नाही.

वर्कबेंच किंवा व्हाइसमध्ये धरलेला बेंडर बारीक सळईपुरता ठीक आहे. फिरत्या तळाचा व्हाइस मात्र पिळापुढे आधी सरकतो, आणि टेबल भिंतीला पक्के नसेल तर तेही फिरते. उभ्या प्रतलात खाली ओढण्याचा दांडा असेल तर पिळ जवळजवळ नाहीसा होतो आणि केवळ उलथणे उरते. अशा स्टँडचा पाय दांड्याच्या बाजूला लांब असावा.

दुरुस्ती झाल्यावर रेघा पुसू नयेत. पहिल्या दहा-बारा जाड सळ्यांनंतर बोल्ट एकदा टॉर्क पान्याने तपासावेत, कारण नव्या पृष्ठभागांचे बारीक उंचवटे दबून ताण थोडा उतरतोच. त्यानंतर रेघ सलग असेल तर पान्याला हात लावण्याचे कारण नाही, आणि ती पुन्हा तुटली असेल तर त्याच सांध्यातला बोल्ट काढून प्लेटांच्या मध्ये काय आहे ते पाहावे.